बाई सहा महिने रजेवर, दुसरीचा वर्ग कुणाच्या भरवशावर?

प्रश्न थोडक्यात: आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट ३८, शिक्षक दोन. पहिली-दुसरीच्या बाई दिवाळीनंतर प्रसूती रजेवर जाणार आहेत. त्यांच्या जागी कुणी मिळणार नाही, मुख्याध्यापक सर एकटेच चारही वर्ग बघतील, असं तोंडी कळलंय. काही पालक शाळेला टाळं ठोकू म्हणतात, काही जण मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायला निघालेत. माझी मुलगी दुसरीत आहे, आत्ता कुठे वाचायला लागली होती. आम्ही काय करावं?

उत्तर:

ताई, बाईंच्या रजेवरून कुणी पारावर किंवा पालकांच्या ग्रुपवर टोमणे मारत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. १८० दिवसांची प्रसूती रजा हा त्यांचा हक्क आहे आणि ती काही रातोरात उद्भवत नाही. बाई कधी जाणार हे शाळेला, केंद्राला (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या कार्यालयाला), पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला काही महिने आधीपासून ठाऊक असतं. त्या महिन्यांत कुणी काही हालचाल केली नाही, याचा जाब बाईंना कसा विचारणार?

मी सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव भागात आधी शिक्षिका आणि नंतर केंद्रप्रमुख होते, आता निवृत्त आहे. दोन शिक्षकांच्या शाळेतला एक जण लांब रजेवर गेला की काय होतं ते वर्गात उभं राहूनही पाहिलंय आणि खुर्चीत बसूनही. तुम्ही सगळ्यांनी मिळून एकाच गोष्टीचा आग्रह धरावा असं माझं मत आहे: या सहा महिन्यांत मुलांसमोर उभा राहणारा माणूस बदलत राहू नये. शिकवणं बेताचं असलं तरी चालेल, पण रोज तोच हवा. दर आठवड्याला नवा शिक्षक आला, मग तो कितीही हुशार असो, तर काय होतं? तो आधी नावं विचारतो, मग "कुठपर्यंत झालंय?" विचारतो, पोरं एका सुरात काहीतरी सांगतात आणि तो बिचारा सुरक्षित म्हणून बाराखडीपासून सुरू करतो. पुढच्या सोमवारी दुसरा येतो, पुन्हा बाराखडी. असं फेब्रुवारीपर्यंत चालतं.

"बदली शिक्षक मिळणार नाही" असं कार्यालय का म्हणतं, ते समजून घ्या, म्हणजे मागायचं काय ते कळेल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. तुमच्या शाळेला दोन मंजूर आहेत आणि कागदावर दोन आहेतच, कारण रजेवर गेलेल्या शिक्षिकेचं पद रिक्त होत नाही. त्यामुळे रिक्त पदांच्या यादीत तुमच्या शाळेचं नाव येत नाही. रजेपुरते पाठवता येतील असे राखीव शिक्षक बाजूला ठेवलेले नसतात. मग उरतो एकच रस्ता: शेजारच्या एखाद्या शाळेतून कुणाला तरी 'कामगिरीवर', म्हणजे तात्पुरतं इकडे कामाला, काढायचं. त्या शाळेचे पालक गप्प बसत नाहीत, तिथले सरपंच फोन करतात, आणि केंद्रप्रमुख तडजोड करतो. सोमवार-मंगळवार एक जण, बुधवार-गुरुवार दुसरा, शुक्रवारी बघू. अहवालात "पर्यायी व्यवस्था केली आहे" असं वाक्य जातं. ते खोटं नसतं, पण त्या व्यवस्थेत पहिलीच्या पोराला कुणी ओळखत नसतं.

एकट्या सरांवर सोडलं तर हिशोब आणखी सरळ आहे. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरलंय, म्हणजे दिवसाला चार तास. एका माणसाने ते चार वर्गांत वाटले तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला जेमतेम एक तास. त्यातच पोषण आहाराच्या नोंदी, मोबाइलवर मागवलेली माहिती, केंद्रातल्या बैठका, सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम दिलेले कर्मचारी, असतील तर तेही. आणि सरांनाच ताप आला तर? हा प्रश्न पंचायत समितीला द्यायच्या पत्रात जरूर लिहा. कार्यालयाला बाकी कशानं नाही तरी त्यानं जाग येते.

आता पत्राविषयी. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकच असतो आणि मुख्याध्यापक सचिव. म्हणजे समितीची बैठक बोलावणं तुमच्याच हातात आहे. पुष्कळ गावांत समिती म्हणजे सही करायला घरी आलेलं रजिस्टर एवढंच असतं, पण अशा वेळी तिचा उपयोग होतो. सरांना विरोधी पक्षात बसवू नका. खरं तर तुमच्या ठरावाची सर्वात जास्त गरज त्यांनाच आहे. त्यांनी एकट्याने मागणी केली तर "सांभाळून घ्या" एवढंच उत्तर येतं. ठराव इतिवृत्तात लिहा आणि तो जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, केंद्रप्रमुखांमार्फत, पत्र द्या. स्वतः जाऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. फोनवर झालेलं बोलणं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पत्रात "शिक्षक द्या" एवढंच लिहू नका. ते लिहिलं की वर सांगितलेली वाटून घेतलेली व्यवस्था मिळते. लिहा, की एकाच शिक्षकाचा नावानिशी आदेश हवा आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं हवं. लिहा, की तो शिक्षक बाई रजेवर जाण्याआधी निदान तीन-चार दिवस त्यांच्यासोबत वर्गात असावा. आणि लिहा, की या काळात मुख्याध्यापकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. या शेवटच्या मागणीत थोडी मेख आहे. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना देण्याची मुभा ठेवली आहे, त्यामुळे ती सरसकट नाकारता येत नाहीत. मात्र "एकशिक्षकी झालेल्या शाळेऐवजी दुसऱ्या शाळेतला माणूस घ्या" ही विनंती रास्त आहे आणि लेखी आली तर बऱ्याचदा मानली जाते.

कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे, रीतसर लेखी तक्रारही करता येते. निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पण सहा महिन्यांच्या रजेत तीन महिने निकालाची वाट बघण्यात गेले तर उरलं काय? म्हणून ते हत्यार म्यानात असू द्या. पत्राच्या शेवटी त्याचा नम्र उल्लेख पुरे.

टाळं ठोकण्याबद्दल माझं स्पष्ट मत सांगते. पंचायत समितीच्या व्हरांड्यात पोरं बसवून भरवलेल्या शाळा मी पाहिल्यात. पेपरात फोटो येतो, दोन दिवसांत शिक्षक येतो, आणि बातमी शिळी झाली की पंधरवड्यात परतही जातो, कारण आदेशावर मुदतच नसते. शिवाय जितके दिवस टाळं, तितके दिवस मुलांचंच नुकसान. पत्राला ठरलेल्या दिवसांत उत्तर आलं नाही, आमदार-सभापतींच्या कानावर घालून झालं, तरी काही हललं नाही, तर मग करा आंदोलन, तोवर नको. आणि केलंत तरी मागणी तीच ठेवा: एक नाव, दोन तारखा.

पत्र देऊन झालं की गावात बघा. डी.एड. झालेली, घरी असलेली एखादी सून किंवा मुलगी बहुतेक गावांत असतेच. निवृत्त गुरुजी असतात. २०२३ मध्ये राज्याने सेवानिवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर घेण्याची सोय केली होती, पण ती रिक्त पदांसाठी, त्यामुळे रजेच्या जागेला ती लावून घेणं अवघड. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मात्र बऱ्याच शाळांना मदतीचे हात मिळाले. तुमच्या केंद्रात असं कुणी आहे का, विचारून घ्या. नाहीतर लोकवर्गणी. गणेश मंडळाच्या शिल्लक पैशातून सहा महिन्यांचं मानधन उभं राहिल्याची उदाहरणं आहेत.

इथे दोन इशारे. गावाने सोय केली की कार्यालयाची निकड संपते. तुमचं पत्र फायलीत खाली खाली जातं. म्हणून स्वयंसेविका नेमल्याच्या ठरावातच "शासकीय व्यवस्था होईपर्यंत तात्पुरती" हे शब्द घाला आणि दर महिन्याला स्मरणपत्र द्या. दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा. ती व्यक्ती मदतनीस आहे, वर्गाची जबाबदारी सरांचीच राहते. ओळखीची असली तरी चारित्र्य पडताळणी करून घ्या. बदलापूरच्या २०२४ च्या घटनेनंतर तर याबाबत कुणी हयगय करू नये. शाळेच्या वेळेबाहेर मुलांना एकटं थांबवायचं नाही, कुठे न्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

बाई जाण्याआधी त्यांच्याकडून एक गोष्ट मिळवली पाहिजे, आणि ती या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा मोलाची आहे. मी रजेवर निघालेल्या प्रत्येक शिक्षकाकडून ती मागायची. एक साधी शंभर पानी वही. तिच्यात प्रत्येक मुलाला एक पान.

तुम्ही म्हणाल, शाळेत नोंदी असतातच की. असतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी असतात, चाचण्यांचे गुण असतात. पण "स्पष्ट उच्चारात वाचन करतो", "उपक्रमात उत्साहाने सहभागी होते" ही वाक्यं वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या नावापुढे सापडतील. त्यातून नव्या माणसाला काही कळत नाही. वहीत असं हवं: हा साधे शब्द वाचतो, जोडाक्षर आलं की अंदाजाने ठोकतो. ही 'ण' आणि 'न' यांत गोंधळते. हिला काड्यांचे गठ्ठे दिले तर ४७ दाखवता येतात, नुसतं लिहायला सांगितलं की ७४ होतात. याला फळ्यावरचं दिसत नाही, पुढे बसवा आणि डोळे तपासायला घरी सांगा. ही घरी वेगळी बोली बोलते, उत्तर येत असतं पण शब्द मिळत नाही, थांबा. याला फिट येते, औषध आईकडे आहे. आणि वर्गाची सुरुवात कोणत्या गाण्याने होते, रांग कशी लागते, खडू आणायचा मान कुणाचा. हे शेवटचं फुटकळ वाटेल. सहा-सात वर्षांच्या मुलाला वर्ग तोच आहे हे त्याच गाण्यावरून आणि त्याच रांगेवरून कळतं. नव्या माणसाने पहिल्या दिवशी ते गाणं म्हटलं की निम्मं काम होतं.

बाईंना हे पान-पान लिहायला जड जात असेल, दिवस भरत आले असतील, तर बाईंनी बोलावं आणि नव्या शिक्षकाने किंवा एखाद्या शिकलेल्या आईने लिहून घ्यावं. दोन दुपारी पुरतात. फक्त ही वही पालकांत फिरवू नका. कुणाचं पोर कशात अडतंय हा गावात चघळायचा विषय नाही. ती सरांच्या कपाटात राहील.

शाळा सुरू झाल्यावर एक दृश्य दिसेल आणि पालक खवळतील, म्हणून आधीच सांगते. एकटा किंवा दीड माणूस चार वर्ग चालवतो तेव्हा शहाणा शिक्षक इयत्तेप्रमाणे बसवत नाही. सकाळच्या ताज्या वेळात भाषा-गणितासाठी तो मुलांचे गट पातळीप्रमाणे पाडतो. तुमची दुसरीतली मुलगी काही वेळ पहिलीच्या मुलांसोबत दिसेल, तिसरीतला एखादा तिच्या शेजारी असेल. "माझ्या पोराला खाली बसवलं" म्हणून भांडायला जाऊ नका. बहुवर्ग अध्यापनाची ती बरी पद्धत आहे. काळजी कधी करायची? चारही वर्ग तासनतास पाढे उतरवताना दिसले, किंवा चौथीच्या हुशार पोरी रोजच पहिलीला शिकवताना दिसल्या, तर. अधूनमधून शिकवलं तर त्यांनाही फायदा होतो. रोज शिकवलं तर त्यांचं स्वतःचं वर्ष जातं.

आता घरचं. तुम्ही शिक्षिका व्हायला जाऊ नका. संध्याकाळी वीस मिनिटं, तेवढी पुरेत. मुलीने एक पान मोठ्याने वाचायचं आणि कुणीतरी ते ऐकायचं. ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी बिघडत नाही. आजी ऐकेल आणि विचारेल, "मग पुढं काय झालं?" अडली तर लगेच शब्द पुरवू नका, मनात पाचपर्यंत मोजा. प्रत्येक चूक दुरुस्त केली तर ती वाचायचंच टाळेल. अर्थ बिघडत असेल तेवढीच चूक दाखवा. दुसरीच्या या टप्प्यावर जोडाक्षरं हीच खरी खिंड असते, म्हणून घरातल्या साध्या वस्तूंचे शब्द घ्या: बिस्किटाचा पुडा, दुकानाची पाटी, एसटीचा बोर्ड. गणिताला चिंचोके आणि दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे, आणि बाजारात सुट्ट्या पैशांचा हिशोब तिच्याकडून. दहा वेळा पाढे लिहून घेणं बंद.

वाचायला सामग्री कमी नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे आहेत, स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत. मोबाइल मोठ्यांच्या हातात राहू द्या. तो तिच्या हातात गेला की गोष्ट दोन मिनिटांत संपते आणि व्हिडिओ सुरू होतात. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या अभियानात गावोगाव माता-पालक गट झाले होते. तुमच्याकडचा गट झोपला असेल तर उठवायची हीच वेळ. चार आया एका अंगणात, आठ मुलं, आठवड्यातून दोनदा. बास.

हजेरीबद्दल कडक राहा. "शिकवायलाच कुणी नाही, जाऊन काय करतोस" म्हणत पालक मुलांना शेतावर किंवा मामाकडे नेतात. मग शाळेत ३८ पैकी वीस-बावीस दिसू लागतात आणि कार्यालय म्हणतं, एवढ्या मुलांना एक शिक्षक पुरे. तुमच्या मागणीचा पाया तुम्हीच काढून घेता. आमच्याकडच्यासारखी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तुमच्याही गावात असतील, तर ती मुलं मागे ठेवता येतात का, हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हे याच बैठकीत काढा, नाहीतर हा आकडा आणखी घसरतो.

मुलीला काय सांगायचं? खरं सांगा. बाईंना बाळ होणार आहे, म्हणून त्या घरी राहणार आहेत. या वयाच्या मुलांना, आपण दंगा केला म्हणून बाई गेल्या, असं मनातून वाटू शकतं, आणि ते कुणाला बोलून दाखवत नाहीत. पहिले आठ-दहा दिवस सकाळी पोट दुखेल, चप्पल सापडणार नाही. रागावू नका, पण घरीही ठेवू नका. बाई अमुक तारखेला येतील असं वचन मात्र देऊ नका. प्रसूती रजेला जोडून पुढे बालसंगोपन रजा मंजूर होऊ शकते, आणि जिल्हांतर्गत बदल्यांत त्यांचं नाव आलं तर जूनमध्ये त्या दुसऱ्याच गावात असतील. म्हणून सरांना मार्चमध्येच विचारा की जूनला पहिली-दुसरीचं कोण बघणार. जूनमध्ये विचाराल तर पुन्हा हाच खेळ. बाईंना रजेत फोन करून "गृहपाठ पाठवा" वगैरे अजिबात नको. बारसं झाल्यावर पोरांनी काढलेली चित्रं कुणाच्या हाती पाठवलीत तर त्यांना आवडतील.

राहिली इंग्रजी शाळा. वर्षाच्या मधे मुळीच नको. तुमची मुलगी एका लिपीत आत्ता कुठे सावरतेय, त्यात नवी भाषा, नवी लिपी, नवी बाई आणि रोजचा गाडीचा प्रवास एकदम अंगावर घालू नका. एप्रिलमध्ये तिला दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा द्या. वाचून तिने त्यात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं, तर वर्ष वाया गेलेलं नाही. अडखळली तर मे महिना हाताशी आहे, वर सांगितलेली वीस मिनिटं चाळीस करा. त्यानंतरही शाळा बदलायचीच असेल तर निर्णय तुमचा. मात्र चौकशीला जाल तेव्हा इमारत आणि गणवेश बघून झाल्यावर तिथल्या ऑफिसात एवढं विचारा: गेल्या वर्षी जूनमध्ये पहिली-दुसरीला जे शिक्षक होते, त्यांतले आज किती जण इथे आहेत? कमी पगाराच्या खासगी शाळांत शिक्षक वर्षाच्या मधेच सोडून जातात आणि तिथे पत्र लिहायला गटशिक्षणाधिकाऱ्यांचं दारही तितकंसं उपयोगी पडत नाही.